जुन्या डचेसचा तासाचा दर किती लावावा? दोन इंजिनांचा हिशेब

उत्तरवारा (धागाकर्ता)

मंडळी, इथे विमानवाले किती आहेत ठाऊक नाही, पण आकडेमोडीची हौस असलेले भरपूर आहेत. म्हणून धागा काढतोय.

डॅलसच्या उत्तरेला एका छोट्या विमानतळावर आम्ही तिघांनी मिळून १९७९ ची बीचक्राफ्ट डचेस घेतली आहे. चार सीट, वर टी-आकाराचं शेपूट, १८० हॉर्सपॉवरची दोन लायकॉमिंग इंजिनं. बीचने हे मॉडेल १९७८ ते १९८३ एवढंच काढलं, एकूण ४३७, आणि बंद केलं. आमचं तिघांचं उडणं किती होणार, तर शनिवार-रविवार. उरलेला वेळ ती हँगरमध्ये उभी राहून गंजणार, त्यापेक्षा विमानतळावरच्या क्लबला द्यावी असं ठरतंय. मल्टी-इंजिन रेटिंग (दोन इंजिनांचं विमान उडवण्याची परवानगी) करणारी मुलं उडवतील. बुकिंग, वसुली, इन्स्ट्रक्टर त्यांचे. भाड्यातले १५ टक्के तेही त्यांचे. इंधन आमच्या गळ्यात, म्हणजे 'वेट' दर.

माझा हिशेब असा. वर्षाचा ठरलेला खर्च: हँगर ७,८००, भाड्याने देण्याच्या परवानगीसह विमा १२,०००, अॅन्युअल तपासणी आणि तिच्यात निघणारी कामं ६,०००, जीपीएसचा डेटाबेस वगैरे १,०००. एकूण २६,८०० डॉलर. तासाचा खर्च: १९ गॅलन अॅव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) ६ डॉलरने ११४, ऑइल ६, इंजिन ओव्हरहॉलसाठी बाजूला ४० (एकेक इंजिन ४०,००० ला, २,००० तासांनी), किरकोळ दुरुस्ती ६०. एकूण २२०. वर्षाला ३०० तास धरले तर ३०९ येतात, क्लबचा हिस्सा चढवून ३६५ च्या आत.

एक भागीदार म्हणतो ३५० लावा, विमान सतत हवेत राहील. दुसरा म्हणतो ४५०, कारण शेजारच्या विमानतळावर बरीच नवी सेमिनोल (पायपरचं दोन इंजिनांचं विमान) ४२५ ला जाते आणि 'आपल्याला दोन्ही बाजूंनी दार आहे'. मी मध्ये लटकलोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

फुलपगारी

वाचतोय. विमानातलं ओ की ठो कळत नाही, पण २६,८०० भागिले ३०० मधले ते ३०० कुठून आले एवढं सांगा.

मोनिका_एमईआय

मी अॅरिझोनात मल्टी-इंजिन शिकवते, पायपरच्या जुन्या सेनेकावर आणि सेमिनोलवर. फुलपगारींनी नेमकी नस धरली आहे. ३०० तास म्हणजे महिन्याला २५. एका विमानतळावर एकच ट्विन (दोन इंजिनांचं विमान), ती ४० वर्षांहून जुनी, आणि वर्षातून काही आठवडे मेकॅनिककडे उघडी पडलेली. १५०-२०० तास झाले तर पेढे वाटा.

आणि यादीत दोन गोष्टी राहिल्या आहेत. एक, शंभर तासांची तपासणी. भाडेकरू एकटा उडवणार असेल तर ती सक्तीची नाही. पण क्लब विमान आणि इन्स्ट्रक्टर दोन्ही देणार आणि त्याचे पैसे घेणार, म्हणजे दर १०० तासांनी ती करावीच लागणार. २,५०० धरा, तासाला २५ वाढले. दुसरं, प्रॉपेलर. ते तुम्ही धरलेच नाहीत. हार्टझेल कंपनीच्या प्रॉपेलरचं ओव्हरहॉल तासांनी येवो न येवो, सहा वर्षांनी कॅलेंडरने येतं. दोन्हींचे ९,००० धरले तर वर्षाला १,५००. हा तासाचा खर्च नाही, विमान उभं राहिलं तरी वाढणारा खर्च आहे.

उत्तरवारा

धन्यवाद ताई. मग नवा ताळेबंद: ठरलेला २८,३००, तासाचा २४५. क्लबचा हिस्सा चढवून दर असे येतात:

३०० तास उडाली तर ३९९
२०० तास उडाली तर ४५५
१५० तास उडाली तर ५१०
१०० तास उडाली तर ६२१

१०० तासांच्या रेघेकडे बघून बायकोने विचारलं, 'आणि हे तुम्ही पैसे मिळवायला घेतलंय ना?'

कासराघाट

आतबट्ट्याचा व्यवहार म्हणतात तो हाच. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

नटबोल्ट_बारामती

मी इंजिनिअरिंगच्या बाजूचा, लायसन्सवाला एएमई (विमान देखभाल इंजिनिअर), बारामतीत. तिकडचे दर मला माहीत नाहीत. पण जुन्या ट्विनच्या बाबतीत मालक मंडळी एक प्रश्न विचारत नाहीत, तो मी विचारतो. इंजिनांवर ओव्हरहॉलनंतर किती तास झालेत?

उत्तरवारा

डाव्यावर १,४५०, उजव्यावर १,६००.

नटबोल्ट_बारामती

मग तुमचे ४० डॉलर कागदावर ठेवा. ते नव्या इंजिनाचे आकडे आहेत. डाव्याचे ५५० तास उरले, उजव्याचे ४००. पुस्तकी आयुष्य धरलं तर येणाऱ्या तासांतून ८०,००० जमवायचे म्हणजे डाव्याचे तासाला ७३ आणि उजव्याचे १००. चाळीसच्या जागी १७३ झाले.

आता हे भाडं कोणी देणार नाही, आणि द्यावं तरी का? ती १,४५० आणि १,६०० तासांची मजा आधीच्या मालकाने केली. चाळीस हजाराच्या हिशेबाने त्याने ६१,००० डॉलरचं इंजिन खाल्लं. ते पैसे विमानाच्या किमतीतून कापले गेले असतील तर ठीक. नसतील तर तो खड्डा तुमचा, विद्यार्थ्यांचा नव्हे.

उत्तरवारा

ताज्या इंजिनांच्या डचेसपेक्षा साधारण ४०,००० ने कमी पडली.

नटबोल्ट_बारामती

म्हणजे ते ४०,००० आजच वेगळ्या खात्यात टाका, वर २१,००० तिघांनी काढा. त्यानंतर तासाला ४० चा हिशेब खरा ठरतो. एक इंजिन उलटं फिरणारं आहे हेही लक्षात असू द्या. डावीकडे ओ-३६०, उजवीकडे एलओ-३६०. दोन्ही प्रॉपेलर आतल्या बाजूला फिरतात म्हणून डचेसला 'क्रिटिकल इंजिन' (जे बंद पडलं तर विमान सांभाळणं जास्त अवघड जातं ते) नसतं, शिकायला सुख. पण एलओ-३६० चा वापरलेला सांगाडा बाजारात सहज मिळत नाही. उजव्याच्या क्रँककेसला तडा निघाला तर भाव समोरचा सांगेल तो.

पुस्तकी_किडा

२,००० तास ही निर्मात्याची शिफारस आहे ना? खासगी आणि प्रशिक्षणाच्या उड्डाणांत ती बंधनकारक नाही. कॉम्प्रेशन चांगलं, ऑइल फिल्टरमध्ये धातूचे कण नाहीत, तर लोक २,४०० पर्यंत नेतात. मग १७३ हा बागुलबुवा नाही का?

नटबोल्ट_बारामती

नेतात, आणि शाळेची विमानं रोज उडतात म्हणून इंजिनं टिकतातही. पण लायकॉमिंगच्या त्याच पत्रकात २,००० तासांच्या जोडीला १२ वर्षंही लिहिलंय. महिना-महिना उभं राहणारं इंजिन कॅमशाफ्टवर गंज धरतं, त्याला तासमीटर काही करत नाही. वर मिळालेले तास बोनस समजा. बजेटमध्ये बोनस धरत नाहीत.

मोनिका_एमईआय

+१. आणि शिकवणीतलं इंजिन सुखात नसतं. कोर्समध्ये एक इंजिन हवेत खरंच बंद करून प्रॉपेलर फेदर करायचा (पाती वाऱ्याला कमी अडतील अशी वळवायची) असतो, जमिनीपासून किमान ३,००० फुटांवर. मग तेच इंजिन थंड झालेलं पुन्हा सुरू करायचं. दिवसाला दोन विद्यार्थी म्हणजे हा सोहळा दोनदा. तासाला ६० दुरुस्ती धरलीत, मी डचेससाठी ७० धरली असती. मॅग्नेटो (ठिणगी देणारे भाग) ५०० तासांनी उघडावे लागतात, आणि ट्विनवर ते दुप्पट.

नटबोल्ट_बारामती

डचेसचं एक दुखणं सांगून ठेवतो. मेन गिअरच्या (मुख्य चाकांच्या) ए-फ्रेमला तडे जातात, त्यावर एडी (सरकारी सक्तीचा दुरुस्ती-आदेश) आहे. लॉगबुकात ते काम झाल्याची नोंद शोधा. नसेल तर पहिल्याच अॅन्युअलला तुमचे ६,००० उडतील. आणि नाकातला पेट्रोलवर जळणारा केबिन हीटर. त्याच्या ज्वलननळीची दाब-चाचणी मुदतीत करावीच लागते. नळीला भोक पडलं तर धूर केबिनमध्ये येतो, म्हणून त्यात हयगय नाही.

उत्तरवारा

ए-फ्रेमची नोंद आहे, बघितली. हीटरची चाचणी उरकलेली नाही. टेक्सासात हीटर बंद करून 'इनऑप'ची (चालू नाही अशी) पट्टी लावली तर?

नटबोल्ट_बारामती

नियमात बसवून रीतसर नोंद केलीत तर चालतं. बरेच मालक तेच करतात.

मोनिका_एमईआय

डॅलसमध्ये जानेवारीची सकाळ बघितली आहेत का? ६,००० फुटांवर हात गारठलेला विद्यार्थी मिक्स्चर (हवा-इंधनाचं प्रमाण) आणि प्रॉपेलरच्या दांड्यांत गल्लत करतो, आणि सहा दांड्यांच्या विमानात ती गल्लत महाग पडते. हीटर दुरुस्त करा हो.

विमान_पाल्य

विषयाला धरून एक बाब. आमचा भाचा अमेरिकेत ट्रेनिंगला होता. एका फ्लाइंग स्कूलने '५० तास मल्टी-इंजिन ब्लॉक, आगाऊ भरा आणि तासाला ६० डॉलर वाचवा' अशी योजना दिली. बहिणीने सगळे पैसे एकदम भरले. १२ तास झाले आणि विमानाचं एक इंजिन उतरवलं गेलं. मग 'पुढच्या आठवड्यात', 'पार्ट यायचाय', असं करत व्हिसाची मुदत जवळ आली. उरलेले पैसे परत मिळायला त्याला भारतात परतून कितीतरी महिने ईमेल लिहावे लागले. ब्लॉकचा दर लावणार असाल तर एवढं लक्षात ठेवा.

कासराघाट

५० तासच का असतात सगळीकडे?

मोनिका_एमईआय

अमेरिकेच्या एटीपी (एअरलाइन पायलटच्या) लायसन्सला एकूण १,५०० तास लागतात, त्यांत मल्टी-इंजिनचे ५०. एअरलाइनच्या दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते ५० कुठूनतरी गोळा करायचे असतात. म्हणून दोघं मिळून ट्विन घेतात. एक जण डोळ्यांवर हूड चढवून इन्स्ट्रुमेंटवर उडवतो, दुसरा सेफ्टी पायलट म्हणून बाहेर लक्ष ठेवतो, भाडं निम्मं-निम्मं.

उत्तरवारा, तुमची खरी मागणी इथे आहे. रेटिंग करणारा दहा-बारा तासांत निघून जातो. ५० तासांचं एक गिऱ्हाईक म्हणजे रेटिंगवाले चार-पाच. पण तुमची विमा कंपनी अशा दोघांना इन्स्ट्रक्टरशिवाय उडवू देते का?

उत्तरवारा

नाही. १२,००० चा कोट 'फक्त इन्स्ट्रक्टरसोबत' या अटीवर आहे. एकट्याला देण्याची परवानगी मागितली तर ब्रोकर म्हणाला याच प्रकारच्या विमानावर किमान २५ तास असलेल्यालाच, आणि हप्ता पुष्कळ वाढेल. आकडा त्याने अजून दिलेला नाही.

मोनिका_एमईआय

मग ५० तासवाल्यांना इन्स्ट्रक्टरचे पैसेही मोजावे लागतील आणि ते शेजारी जातील. म्हणजे तुम्ही रेटिंगवाल्यांच्या भरवशावर. त्यांच्याबद्दल माझा अनुभव सांगते. ते दरावर घासाघीस करत नाहीत. दहा तासांचं ट्रेनिंग, ४०० ऐवजी ४२५ म्हणजे २५० डॉलरचा फरक. परीक्षकाची फीच हल्ली हजाराच्या घरात आहे. त्यांना हवं असतं ते सलग पाच दिवस मिळणारं विमान आणि परीक्षेच्या दिवशी चालू असलेलं विमान. परीक्षेच्या सकाळी उजवा अल्टरनेटर गेला तर परीक्षकाची पुढची तारीख काही आठवड्यांनी. तो विद्यार्थी त्यानंतर तुमचं नाव गावभर करतो.

म्हणून ३५० लावून दुरुस्तीत हात आखडण्यापेक्षा ४२५ लावून कपाटात एक ओव्हरहॉल केलेला अल्टरनेटर, एक व्हॅक्यूम पंप आणि एक स्टार्टर ठेवा. स्वस्त आणि बंद विमान कोणालाच नको असतं.

पुस्तकी_किडा

पण नवी सेमिनोल त्याच दराला मिळत असताना १९७९ ची डचेस कोण घेईल?

मोनिका_एमईआय

ज्याला सेमिनोलचं बुकिंग तीन आठवडे मिळत नाही तो.

नगरचा_नकाशा

अवांतर: भारतात असं विमान तासावर भाड्याने मिळतं का? गोंदियाला, धुळ्याला ट्रेनिंग चालतं हे माहीत आहे.

नटबोल्ट_बारामती

गाडीसारखं 'किल्ली द्या, घेऊन जातो' असं जवळजवळ नाही. फ्लाइंग स्कूल आपल्या विद्यार्थ्याला कोर्सचा भाग म्हणून उडवते आणि दर कोर्सच्या फीमध्ये विरघळलेला असतो. पालक फक्त शेवटचा मोठा आकडा बघतात.

इंधनाचं गणितही निराळं. अॅव्हगॅस इथे पूर्वी सगळं बाहेरून यायचं. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या रिफायनरीतलं १०० एलएल जातीचं अॅव्हगॅस बाजारात आणलं. तरी ते ठरावीक ठिकाणीच मिळतं. म्हणूनच आपल्याकडे डायमंड कंपनीची दोन इंजिनांची डीए-४२ लोकप्रिय झाली. तिची डिझेल इंजिनं एटीएफवर (जेट विमानांच्या इंधनावर) चालतात, आणि तासाला दोन्ही मिळून डचेसच्या जेमतेम निम्मं पितात.

फुलपगारी

मग सगळे डीए-४२ का घेत नाहीत?

नटबोल्ट_बारामती

किंमत बघा, मग जुन्या डचेसवर प्रेम बसेल. जुन्या ट्विनचं सगळं गणितच हे: घ्यायला स्वस्त, पोसायला महाग. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हा मसाला कोणाच्या खिशातून, एवढाच तुमच्या धाग्याचा विषय आहे.

उत्तरवारा

पटलं. आता वेट की ड्राय? इंधन विद्यार्थ्याने भरावं असं एक भागीदार म्हणतोय. दर एकदम ३०० च्या आसपास दिसेल.

मोनिका_एमईआय

ड्राय दिलंत की विद्यार्थी मिक्स्चर लीन करून (इंधन कमी सोडून) इंजिनं भाजतील, इंधन त्यांच्या खिशातलं ना! वेटच ठेवा. करारात एक ओळ घाला: दर ६ डॉलर गॅलन धरून आहे, त्यावर भाव गेला तर फरक सरचार्ज म्हणून. बाहेरगावी भरलं तर तुमच्या विमानतळाच्या भावानेच परतावा. नाहीतर कोणी मोठ्या विमानतळावर चकाचक लाउंजमध्ये उतरून महागडं पेट्रोल भरेल आणि पावती तुम्हाला देईल.

दुसरं महत्त्वाचं, तास कशावर मोजणार? हॉब्स की टॅक?

फुलपगारी

हे काय असतं?

मोनिका_एमईआय

हॉब्स म्हणजे घड्याळ. इंजिन चालू झालं की पळायला लागतं, तुम्ही धावपट्टीच्या तोंडाशी रांगेत उभे असलात तरी. टॅक इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, क्रूझच्या फेऱ्यांना तासाला तास आणि जमिनीवर रेंगाळताना बराच हळू. शिकवणीत हॉब्सचा एक तास म्हणजे टॅकचे साधारण ०.८५ ते ०.९. इंजिनाचं आयुष्य आणि १०० तासांची तपासणी टॅकवर मोजतात. भाडं हॉब्सवर घ्या. विद्यार्थ्याचं लॉगबुकही हॉब्सवरच भरलं जातं, त्यामुळे फसवणूक काही नाही.

उत्तरवारा

हे घालून परत मांडलं. टॅक ०.८७ धरला, आणि शिकवणीत एका हॉब्स तासाला १७ गॅलन. इंजिन ३५, दुरुस्ती ५२, तपासणी २२, ऑइल ५, इंधन १०२. म्हणजे हॉब्सच्या तासाला २१६, २४५ नव्हे. दर ४२५ लावला तर क्लबचे १५ टक्के जाऊन हातात ३६१ येतात, तासाला १४५ ठरलेल्या खर्चाकडे. २८,३०० भागिले १४५ म्हणजे १९५ तासांत वर्ष फिटतं. टॅकवर भाडं घेतलं असतं तर जुन्या २४५ च्या खर्चाने हेच टॅकचे २४३ तास लागले असते. ताई, एवढ्या एका मुद्द्यावर तुम्हाला एक उड्डाण लागू.

पुस्तकी_किडा

तुम्ही तिघं स्वतः उडवाल तेव्हा?

उत्तरवारा

आम्हीही त्याच दराने खात्यात भरणार, फक्त क्लबचे १५ टक्के वजा. नाहीतर कोण किती उडालं यावरून मैत्री तुटेल. ४५० वाल्या भागीदाराला हे अजून सांगायचंय.

तर तूर्त असं ठरवतोय. ४२५ वेट, हॉब्सवर, इन्स्ट्रक्टरचे पैसे वेगळे. इंधनाचा सरचार्ज करारात. ब्लॉकची सवलत देऊ, पण पाच-पाच तासांचीच, आणि न उडालेले तास विमान बंद पडल्यापासून १० दिवसांत परत. इंजिनांच्या खात्यात आधीचे ४०,००० आणि वर तिघांचे सात-सात हजार. हीटर दुरुस्त करतोय. वर्षाअखेर १९५ तास भरले नाहीत तर दर वाढवणार नाही, विमान विकायचं की नाही यावर बसू.

कासराघाट

विकायच्या आधी इथे कळवा. घेणार नाही, पण धागा वाचायला मजा येईल.

नटबोल्ट_बारामती

करारावर सही करण्याआधी पॅनेल उघडून एक बघा. हॉब्सची वायर कुठून आली आहे? जुन्या ट्विनमध्ये पुष्कळदा ती एकाच इंजिनाच्या ऑइल प्रेशर स्विचला असते. ते इंजिन फेदर केलं की हॉब्स थांबतो.

उत्तरवारा

आत्ताच मेकॅनिकला फोन लावून बघायला सांगितलं. डाव्याला आहे.

मोनिका_एमईआय

आणि क्रिटिकल इंजिन असो-नसो, सवयीने सगळे इन्स्ट्रक्टर डावंच बंद करतात!

नटबोल्ट_बारामती

दोन्ही इंजिनांना स्विच बसवून समांतर जोडायला सांगा. कोणतंही एक चालू असलं तरी मीटर पळेल. तासाभराचं काम आहे, पण लॉगबुकात नोंद करायला विसरू देऊ नका.